आबांनी दाबून धरलेलं बटण

"चार नंबर चॅनेल आबांचं, सहा नंबर आपलं. आणि मधेच कुणी गाणी म्हणायची नाहीत," हर्षलाने बजावलं.

"मी कुठं म्हणतो?" गजा म्हणाला.

"काल बोटीवर चढल्यापासून तीनदा," रियाने मोजून सांगितलं.

हर्षला तेरा वर्षांची, गजा तिचा धाकटा भाऊ आणि रिया त्यांची शेलूची आतेबहीण. नाताळची सुट्टी होती, मुंबईहून निघालेली बारा मजली क्रूझ होती आणि त्यांना धरून कर्जत-खालापूरकडची तेवीस माणसं होती. भर समुद्रात मोबाइलला रेंज मिळत नाही, म्हणून हर्षलाने घरून चार छोटे वॉकीटॉकी आणले होते. तिच्या पप्पांनी, म्हणजे संतोषरावांनी, "ही खेळणी कशाला?" म्हणत ते दोनदा बॅगेतून बाहेर काढले होते आणि हर्षलाने तीनदा परत घातले होते. बंदरावर बोटीच्या सुरक्षा अधिकारी बाईंनी चारही संच उलटसुलट करून पाहिले. कमी ताकदीचे आहेत म्हणून जाऊ दिले, पण बोटीवरच्या कर्मचाऱ्यांच्या चॅनेलवर चुकूनही जायचं नाही, अशी ताकीद दिली.

चौथा संच आबांच्या गळ्यात होता. आबा म्हणजे तिघांचे आजोबा. चौकजवळच्या गावात भात आणि भाजी पिकवणारे, मोबाइलला हात न लावणारे. आजी गोठा सोडून येणं शक्यच नव्हतं. पण निघताना तिने हर्षलाला बाजूला घेतलं होतं. "साखरेची गोळी घेतली का त्यांना येळेवर खायला घाल गं. नाय तर साखर उतरते आन् माणूस जागच्या जागी बसतो. तुझ्यावर सोडते हां."

आणि आज नेमकं तेच झालं होतं. आबांनी सकाळी गोळी घेतली, नुसता चहा प्यायले आणि उठले. "खोलीत भाजी फ्रिजात ठेवतात तसं ठेवलंय आमाला. जरा उन्हाला जातो," म्हणाले ते गेलेच. आता साडेअकरा वाजले होते. जेवणाच्या टेबलावर त्यांची खुर्ची रिकामी होती.

"आबा, ऐकू येतंय का?" हर्षलाने चार नंबरवर विचारलं. नुसती खरखर.

ती सहल व्यवस्थापक नीलेशकाकांकडे गेली. त्यांनी हातातल्या यादीवर पेन टेकवून माणसं मोजली. "तेवीस. सगळे आहेत. जेवा आता."

"काका, तुम्ही स्वतःला धरून मोजलंत," रिया म्हणाली. "तुम्हाला सोडून आम्ही तेवीस आहोत."

नीलेशकाका कानशिलं खाजवत हसले. "अगं, बोटीच्या संगणकावर ते बोटीवरच दिसतायत. मग जाणार कुठं? समुद्रात का?"

"बसले असतील कुणाशी गप्पा मारत," पप्पा ताटावरून मान वर न करता म्हणाले. "येतील."

हर्षलाला राग आला. राग गिळला तेव्हा त्याखालची भीती जाणवली. तिने पंगतीतली दोन केळी उचलली आणि दोघांना डोळ्यांनी खुणावलं.

पहिल्याच दिवशी तिघांनी बोटभर फिरून एक गोष्ट शोधून काढली होती. बोटीच्या पोलादी भिंतींतून वॉकीटॉकी धड बोलत नाही. एक मजला खाली गेलं की आवाज तुटतो, तीन मजले गेलं की मेला. म्हणजे जिथे आबांचा आवाज स्वच्छ येईल, तिथे जवळपास आबा. आबा उन्हाला गेले होते, म्हणून ते जिन्यांनी वर धावत सुटले. अकराव्या मजल्यावरच्या उघड्या डेकवर पाऊल ठेवलं आणि गजाच्या संचातून आबा बोलायला लागले.

"...अरं कोन हाय का? अंधार हाय हितं. भाताच्या पेंढ्यांवानी निळ्या गाद्यांची उडवीच रचलीय. जरा आडवा झालो, तर कोणी दारच लावलं..."

"आबा! आम्ही आलोय, कुठे आहात?" गजा ओरडला.

"...कोणी आयकतंय का? वर कोन तरी उखळात कांडतंय. धपाक, धपाक..."

"ऐकतच नाहीत," रिया म्हणाली.

"ऐकणार कसे?" हर्षलाच्या लक्षात आलं. "त्यांनी बटण दाबून धरलंय. सोडतच नाहीयेत. बटण दाबलेलं असताना आपला आवाज त्यांच्याकडे जातच नाही."

तिने हे त्यांना दहा वेळा समजावलं होतं. दाबा, बोला, सोडा. पण आबांचं अख्खं आयुष्य विहिरीवरच्या मोटरपाशी गेलं होतं. गावाकडे वीज इतकी मंद, की मोटरचं हिरवं बटण दाबलं आणि लगेच सोडलं तर मोटर बंद. पाणी येईस्तोवर ते दाबूनच धरायचं. आबांच्या लेखी बटण म्हणजे ते.

गजाच्या संचातून बारीक 'टीप' ऐकू आली. "आबांची बॅटरी संपत आलीय," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"...अंग लटलट करतंय रं," आबा म्हणाले. आवाज मघापेक्षा हळू होता.

रियाने डेकवर नजर फिरवली. सकाळी इथे पोहण्याच्या तलावाभोवती आरामखुर्च्यांवर निळ्या गाद्या होत्या. आता वारं सुटलं होतं आणि एकही गादी दिसत नव्हती. "सगळ्या गाद्या कुठेतरी कोंबल्यात," ती म्हणाली. पण गाद्या ठेवायच्या कोठ्या डेकभर होत्या, पुढच्या तलावापाशी आणि मागच्याही. सगळ्यांची लोखंडी शटर बंद. त्यात गाणी इतकी मोठ्याने वाजत होती, की आतून कुणी कितीही ठोकलं तरी बाहेर कळलं नसतं.

"वर कोणी कांडतंय म्हणाले," हर्षला पुटपुटली. तिने वर पाहिलं. मागच्या तलावाच्या डोक्यावर, बाराव्या मजल्यावरच्या खेळाच्या मैदानात, चार-पाच पोरं बास्केटबॉल आपटत होती. धपाक, धपाक.

"रिया, वर जा. त्यांना चेंडू थांबवायला सांग. सहा नंबरवर बोल."

रिया दोन-दोन पायऱ्या घेत गेली. क्षणभरात धपधप थांबली.

"...बरं झालं, कांडण थांबलं," गजाच्या संचातून आबा म्हणाले.

म्हणजे आबा मैदानाच्या बरोबर खाली होते. तिथे पाच शटर होती आणि समोर किल्ल्यांचा जुडगा घेतलेला एक कर्मचारी. "अंदर कोई नहीं," तो म्हणाला. "मैंने खुद बंद किया है. बिना परमिशन नहीं खुलेगा." बंद करण्याआधी आत डोकावला होता का, हे विचारल्यावर तो दुसरीकडे बघू लागला.

"बटण सोडलं असतं तर आबांशी बोलता आलं असतं," हर्षला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"ताई," गजा एकदम म्हणाला, "शेतात आबा बटण कधी सोडतात?"

हर्षलाने त्याच्याकडे पाहिलं. आबा मोटरच्या खोपीत बटण दाबून उभे असायचे, गजा लांब वाफ्यापाशी. पाइपातून पाणी पडलं की गजा लोखंडी पाइपावर दगडाने तीन ठोके द्यायचा. तीन ठोके म्हणजे पाणी आलं, सोडा बटण. वर्षानुवर्षं त्यांचं हे असंच चालायचं.

गजाने खांद्याला अडकवलेली पाण्याची स्टीलची बाटली काढली आणि वर पळाला. बास्केटच्या लोखंडी खांबाचं बूड मैदानात घट्ट रोवलेलं होतं. त्याने सगळा जोर लावून त्यावर ठोके दिले.

टण. टण. टण.

गजाने जाताना हर्षलाच्या हातात दिलेल्या संचातून आबांचा दमलेला आवाज आला. "आलं वाटतं पानी." आणि खट्ट करून चॅनेल मोकळं झालं.

"आबा, हर्षला बोलतेय. बटणाला हात लावू नका. पायाने दार वाजवा, वाजवत राहा."

ती एकेका शटरला तळहात लावत गेली. पहिलं गार आणि गप्प. दुसरंही. तिसरं तिच्या हाताखाली थरथरलं.

"इधर," ती म्हणाली. कर्मचाऱ्याने हात लावून पाहिला आणि मग परवानगीचं नाव न काढता कुलूप उघडलं.

गाद्यांच्या ढिगावर आबा घामाने भिजून बसले होते. हर्षलाने आधी केळं सोलून त्यांच्या तोंडात दिलं, मग रडली. ती त्यांना दुसरं केळं भरवत असताना, खाली धावत गेलेली रिया डॉक्टरांना आणि पप्पांना घेऊन आली. डॉक्टरांनी बोटातून रक्त काढून साखर तपासली, साखरेचं पाणी पाजलं आणि म्हणाले, "अजून अर्धा तास गेला असता, तर हे बेशुद्ध सापडले असते."

पप्पांनी आबांजवळ बसून स्वतःच्या रुमालाने त्यांचा घाम पुसला. मग उठून मुलांपाशी आले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "मी ताटावर बसून राहिलो आणि तुम्ही शोधलंत." एवढं बोलून त्यांनी हर्षलाच्या हातातला गजाचा वॉकीटॉकी स्वतःच्या गळ्यात अडकवला. "हा दाबायचा कसा, ते शिकव मला."

संध्याकाळी त्या सुरक्षा अधिकारी बाई स्वतः जेवणघरात आल्या. शटर लावण्याआधी आत शिरून बघायचं, असा हुकूम बोटभर निघाल्याचं त्यांनी सांगितलं आणि तिघांशी कडक हात मिळवला. नीलेशकाकांनी स्वतःला वगळून तेवीस माणसं मोजली, मग खात्रीसाठी पुन्हा मोजली. सगळ्यांनी आग्रह केल्यावर आबा वॉकीटॉकी तोंडाशी धरून उभे राहिले.

"माज्या नातवंडांनी आज मला समिंदरातून वर काढलं," ते म्हणाले. "गावाला जाऊन पयलं ह्यांच्या आजीला, अंबाबाईला, सांगनार. पोरगी दिलेला शबूद पाळते." एवढं बोलून ते थांबले, पण बटण दाबलेलंच होतं. समोरच्या टेबलावरच्या पप्पांच्या संचात त्यांचा श्वास ऐकू येत होता.

गजाने चमचा उचलला. हर्षलाने उचलला, रियाने, पप्पांनी, नीलेशकाकांनी, आणि बघता बघता तेवीसच्या तेवीस ताटांच्या कडांवर एकदम तीन ठोके पडले.

आबा हसले आणि त्यांनी बटण सोडलं.