साक्षीच्या आदल्या दिवशीचं भरीत

धुळे-जळगाव बसमध्ये रिकाम्या सीटवर केळीचा घड बसला होता. चक्क शाल पांघरून!

"हा उचला ना, मला बसायचंय."

"खरचटेल हो..." शेजारचा तरुण कळवळला. "वकीलबाईंना दाखवायचाय. फार कडक आहेत म्हणे."

"कोण वकीलबाई?"

"हेमांगी मॅडम. पेटंटचे खटले लढतात त्या."

"मग उचलाच. मीच ती."

बिचारा जळगावपर्यंत घड मांडीवर घेऊन बसला. कान लालबुंद!

हा गिरधर, शिरपूरकडचा. घड न खरचटता शेताबाहेर आणणारी गाडी त्याने बनवली होती, पेटंटही मिळवलं होतं. एका कंपनीने तश्शीच गाडी विकायला काढली, म्हणून जळगावच्या कोर्टात दावा. आमचे फोन दाव्यावरून सुरू व्हायचे आणि "जेवलात का?" वर रेंगाळायचे... वकिलाने पक्षकाराच्या प्रेमात पडू नये, हे मला कळत होतं. कळून काय उपयोग? पडले होते ना!

साक्षीच्या आदल्या दिवशी तयारीसाठी मी त्याच्या मळ्यात गेले. त्याच्या आईने, मंदाबाईंनी, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली. भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात... मी बोटं चाटत होते.

"आमच्याकडे नवं काही झालं की भरिताची पंगत ठरलेली," गिरधर खुशीत सांगू लागला. "गाडी झाली तेव्हा अख्खं गाव जेवलं. मग सगळ्यांसमोर गाडी चालवून दाखवली. काय टाळ्या पडल्या!"

मी घास ताटात ठेवला. "हे कधी? पेटंटचा अर्ज करण्याआधी?"

"हो, बरंच आधी."

"अहो, मग मला सांगितलं का नाही?"

"आता जेवणाचं काय सांगायचं?"

मी कपाळावर हात मारला. "अर्जाआधी वस्तू चारचौघांत आली की कायद्याला ती नवी राहत नाही, गिरधर. पेटंट रद्द होतं."

त्याचा चेहरा पडला. "पण... त्यांना कुठे माहीत आहे?"

"उद्या विचारतील. शपथेवर."

"मग नाही म्हणू?"

"खोटं बोललात तर मी वकीलपत्र सोडेन."

"आणि खरं बोललो तर?"

"हरू."

तो ताटावरून उठून गेला.

सकाळी कोर्टात त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खोटं बोलला तर माझा माणूस जाईल, खरं बोलला तर त्याची सगळी मेहनत... देवा, मी मागू तरी काय?

कंपनीच्या वकिलांनी विचारलंच, "अर्जाआधी ही गाडी कुणी पाहिली होती?"

गिरधरने कठडा घट्ट धरला. "बठ्ठा गावनी, साहेब."

अख्ख्या गावाने! मी मान खाली घातली. डोळे भरले होते, आणि तो मला इतका आवडला होता की काय सांगू...

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मॅडम, वकील दुसरा बघावा म्हणतो."

"रागावलात?"

"छे! गेलं ते गेलं. रात्रभर रडून घेतलं मी." त्याचा आवाज अजून ओलाच होता. "पण पक्षकाराने आपल्या वकिलाला... लग्नाचं कसं विचारायचं?"

"हो!" मी ओरडलेच.

"अजून विचारलं कुठे—"

"हो म्हणतेय ना!"

कंपनीचे वकील पायरीवर थबकून आमच्याकडे बघत राहिले. जिंकले होते बिचारे, पण त्यांना काही कळेना.