वाढत्या मापाचं झबलं

आप्तछटा सुरू केल्यापासून वृंदा होनरावच्या झबल्या-टोपड्यांना मागणी इतकी वाढली, की जयसिंगपूरच्या तिच्या घरात पुढच्या खोलीत शिलाईची दोन मशिनं होती तिथं पाच झाली आणि गल्लीतल्या चार बायकांना बारमाही काम मिळालं. ‘इवलंसं’ या नावानं ती तान्ह्या बाळांचे कपडे शिवून समाजमाध्यमावर विकायची.

त्या काळात असा छोटा धंदा करणारे बहुतेक सगळेच आप्तछटा ही जाहिरातीची सोय घेत. आप्त म्हणजे जवळचं माणूस. चेहरे ओळखणारा एक भाग आपल्या मेंदूत असतो. ओळखीच्या चेहऱ्याशी थोडंसं साम्य असलेला चेहरा दिसला, तरी पुरती खात्री होण्याआधीच तो भाग ‘ओळखलं’ असा निरोप देऊन मोकळा होतो आणि माणूस सैल पडतो. आप्तछटा याच फटीतून आत शिरायची. फोनचा पुढचा कॅमेरा बघणाऱ्याला ओळखायचा, त्यानं आजवर टाकलेले फोटो चाळायचा आणि जाहिरातीतल्या चेहऱ्यात त्याच्या जवळच्या माणसाची छटा मिसळायचा. हे सगळं पापणी लवायच्या आत.

वृंदानं शेजाऱ्यांच्या तीन महिन्यांच्या मुलाला झबलं घालून एकदाच व्हिडिओ काढला होता. कराडच्या आईला त्यात स्वतःचं बाळ दिसायचं, बार्शीच्या आजोबांना त्यांची नात. फक्त वृंदाला शेजारचाच मुलगा दिसायचा, कारण दुकानाच्या मालकाला मूळ व्हिडिओ दाखवायचा असा नियम होता. त्यामुळे आपण लोकांपुढे नेमकं काय धरतो आहोत, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

विट्याची रेवती पाटोळे हे तिचं सगळ्यात नेमाचं गिऱ्हाईक. दर महिन्याला तिची मागणी ठरलेली. आधी तीन महिन्यांच्या मापाचे कपडे, मग सहाच्या, मग नऊच्या. इतर आया नवे कपडे घातलेल्या बाळांचे फोटो पाठवत. रेवतीनं मात्र एकदाच फोटो पाठवला होता, कपाटात घडी घालून ठेवलेल्या दुपट्यांचा. एका दुपारी वृंदानं तिला सहज निरोप टाकला, ‘बाळाचा फोटो पाठवा ना, आपल्या पानावर लावू.’

उत्तर आलं, ‘तुमच्याकडेच आहे की.’ आणि खाली जाहिरातीचा स्क्रीनशॉट.

वृंदानं तो मोठा करून पाहिला. शेजारचा मुलगा टकलू होता, पाठीवर पडलेला होता. स्क्रीनशॉटमध्ये कुरळ्या जावळाची, वरच्या ओठावर तीळ असलेली एक मुलगी उशीला टेकून बसली होती. तिच्या अंगात पिवळा फ्रॉक होता. तो वृंदानंच शिवला होता, पण तो कुठल्या बाळाच्या अंगावर चढवला नव्हता. हँगरला लावून फोटो काढला होता, बस.

तिनं फोन लावला. “रेवतीताई, ही कोण?”

“शर्वरी. माझी मुलगी.”

“किती महिन्यांची आहे?”

“अकरा आठवड्यांची असताना गेली ती. आता नऊ महिन्यांची झाली असती.” मग रेवती अगदी हळू म्हणाली, “तुमच्याकडे वाढली.”

वृंदानं काहीतरी बोलून फोन ठेवला. ती मोरीत गेली, ओकली, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. बाहेर मशिनवर अर्धवट शिवलेलं टोपडं होतं, त्याला हात लावायला तिचा जीव धजेना.

तिची मावसबहीण, डॉ. मृणाल ठोसर, पुण्याच्या एका संस्थेत चेहऱ्यांच्या ओळखीवरच संशोधन करत होती. वृंदानं तिला फोन केला आणि सगळं सांगितलं.

“ताई, मूल गेलंय हे त्या यंत्राला कळत नाही का गं?”

“त्याला जगणं-मरणं कळत नाही. त्याला अंगठा कळतो,” मृणाल म्हणाली. “पडदा सरकवणारा अंगठा कुठं थांबला, किती वेळ थांबला. त्या बाईनं मुलीचे फोटो टाकले असणार. तो चेहरा दाखवल्यावर अंगठा थांबला. एवढंच त्याला पुरतं.”

“पण तिला मोठं कुणी केलं?”

“तू.”

“मी? कशी?”

“तू सहा महिन्यांची मापं विकायला ठेवलीस. त्यानं सहा महिन्यांचं बाळ करून पाहिलं. अंगठा आणखी थांबला, मागणी आली. मग नऊचं. वयाबरोबर कपाळ किती भरतं, हनुवटी कधी सुटते, याचे नियम आहेत. माझ्याच प्रबंधात आहेत ते. हरवलेली मुलं चार-सहा वर्षांनी कशी दिसतील हे पोलिसांना कळावं म्हणून मी ते काढले होते. जाहिरातवाल्यांनी तेच उचलले.”

“तुला किळस नाही येत?”

“यायची. मग परिषदांमधून याच कामाला टाळ्या पडायला लागल्या आणि मी उभी राहून हसून नमस्कार केला. ते आठवलं की येते अजून.”

वृंदानं त्याच संध्याकाळी आप्तछटा बंद केली. आठवड्याभरात मागणी पार ओसरली. दोन बायकांना तिला नाही म्हणावं लागलं. त्यातली मंदाकिनी दारात थांबून म्हणाली, “वहिनी, कपडा आपण चांगला देतो. त्या माऊलीला तेवढंच सुख. यात आपण वाईट काय केलं?”

“मेलेल्या लेकराच्या अंगावर कपडे चढवून विकले, मंदा. मला आता सुई धरली की मळमळतं,” वृंदा म्हणाली. मंदाकिनीला ते पटलेलं दिसलं नाही. ती डबा घेऊन निघून गेली.

पंधरा दिवसांनी रेवती स्वतःच आली. विट्याहून एसटीनं, सकाळी अकराच्या सुमाराला. तिशीची, इस्त्रीच्या पंजाबी ड्रेसमधली, नीटस बाई. ती रडेल, आपल्याला शिव्या देईल, अशी तयारी वृंदानं मनात केली होती. तसं काहीच झालं नाही. पाणी पिऊन ती म्हणाली, “तुम्ही बंद केलंत ते कळलं मला. एक दिवस उघडलं तर दुसऱ्याच कुणाचं तरी पोर.”

“मला माफ करा,” वृंदा म्हणाली. “ती तुमची मुलगी नव्हती, रेवतीताई. यंत्रानं—”

“मला ठाऊक आहे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, खुळी नाही. तिला मातीत ठेवलं तेव्हा मी तिथंच उभी होते.” तिनं पर्स उघडली. “तुम्ही बंद केलंत म्हणून ती जात नाही. यंत्र एकच आहे, दुकानं तेवढी वेगळी. आता ती एका बूटवाल्यांकडे आहे. चालायला लागली.”

तिनं कागदावर लिहून आणलेलं माप पुढं ठेवलं. छाती, उंची, बाहीची लांबी. “बूट घेतले मी. पण ते फ्रॉक शिवत नाहीत. आणि तुमच्यासारखी शिलाई कुणाची नाही.”

ती मापं बघून वृंदाच्या अंगावर शहारा आला. कुणीतरी पडद्यावर पट्टी ठेवून ती घेतली होती.

“मी शिवणार नाही,” ती म्हणाली.

“एकदा बघा तरी तिला,” रेवती म्हणाली आणि बूटवाल्यांची जाहिरात लावून फोन तिच्या हातात दिला.

वृंदानं नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण नजर खाली गेली. कुरळ्या जावळाची मुलगी लाल बूट घालून फरशीवर उभी होती. फोनच्या कॅमेऱ्यापुढं आता नवा चेहरा होता. त्यानं तो ओळखला. मुलीच्या ओठावरचा तीळ विरला, जावळ सरळ झालं, कान जरा पुढं आले. तो ओजस होता. तिचा मुलगा, वर्षाचा. बंगळुरूच्या नोकरीतून महिन्यातून एकदा दोन मिनिटं फोन करणारा तेवीस वर्षांचा ओजस नव्हे. पाळण्याचा कठडा धरून उभा राहायचा तो. त्यानं तिच्याकडं बघितलं, ओळखीचं हसला आणि एक पाऊल टाकलं.

हे खोटं आहे, हे तिला त्या क्षणीही पुरतं ठाऊक होतं. तरी वीस-बावीस वर्षांनी तिच्या छातीत पान्हा दाटल्यासारखी कळ उठली. तिला स्वतःच्या अंगाची शिसारी आली. तिचा अंगठा पडद्याजवळ गेला आणि तिथंच थांबला.

“द्या इकडे,” रेवतीनं हात पुढं केला. “तुम्ही बघताय तोवर ती तिथं नसते.”

वृंदानं ऐकलं, पण तिच्यानं फोन सोडवेना. पोरगं दुसरं पाऊल टाकत होतं. शेवटी रेवतीनंच तिची बोटं एकेक करून उचलली.