चार बोटं अंतर

किल्ली मागायला ती बाबांच्या खोलीत गेली, तेव्हा ते आरशासमोर दाढी करत होते. करत होते म्हणजे, डाव्या हाताने उजवं मनगट धरून वस्तरा गालापर्यंत न्यायच्या खटपटीत होते. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला तो हात. पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचा. गेल्या वर्षापासून मात्र साधा चहाचा कपही त्याला जुमानत नव्हता.

"चॅपलची किल्ली?"

"खुंटीवर बघ. खुंटीवर नसेल तर माझ्या खिशात असेल."

"आणि खिशात नसेल तर?"

"खिशातच आहे," बाबा म्हणाले. "द्यावी की नाही, एवढाच विचार करतोय."

पुनरुत्थानाचा रविवार सहा दिवसांवर आला होता. दफनभूमीतल्या छोट्या चॅपलच्या भिंतीवरचं जुनं चित्र बाबा दरवर्षी त्याच्या आधी नीट करत. या वर्षी ते काम तिच्याकडे आलं होतं. परदेशात चार वर्षं राहून ती जुनी भित्तिचित्रं दुरुस्त करायला शिकली होती आणि तिकडची नोकरी नाकारून परतली होती. तिकडच्या भिंतींना माणसांची वाण नव्हती. इकडच्या भिंती कुणी बघत नाही म्हणून मरत होत्या. हे ती इतक्या तळमळीने सांगायची, की ऐकणाऱ्याला आपणच एखादी भिंत पाडल्यासारखं वाटावं.

"बबडे, एक ऐक," किल्ली पुढे करून बाबा म्हणाले, पण त्यांनी ती सोडली नाही. "चित्रात बाईचा हात आणि प्रभूचा तळवा, यांत चार बोटं अंतर राहिलं पाहिजे. आडवी बोटं लावून मोज. कमी भरलं, तर बाईचा हात मागे घे."

"मागे घे म्हणजे?"

"पुढची बोटं गवताच्या रंगाने झाक आणि थोडी मागे नवी काढ. मी तेच करतो. माझे वस्तादही तेच करायचे."

ती थक्क झाली. "दरवर्षी? बाबा, ही दुरुस्ती नाही, लबाडी आहे! मूळ चित्रकाराने काढलेला हात तुम्ही झाकत आलात?"

"चार बोटं," बाबा पुन्हा म्हणाले आणि मग त्यांनी किल्ली सोडली.

दफनभूमीच्या फाटकाशी माळीकाका वाफ्यांना पाणी घालत होते. तिचा पांढरा कोट, हातमोजे आणि कापसाची पिशवी बघून, ती भिंत नुसती बघायला आली होती तेव्हाच, त्यांनी तिचं बारसं केलं होतं.

"काय डॉक्टरीणबाई, भिंतीचा ताप उतरला का?"

"आज तपासते, काका."

"तपासा, तपासा. सुई टोचू नका फक्त, आधीच पोपडे निघालेत." मग नळी खाली ठेवून ते जरा हळू म्हणाले, "तुमच्या आईच्या थडग्यावरची माती पुन्हा खचलीय. परवाच भर घातली होती. घालतो आज परत."

ती मान हलवून पुढे गेली. आईच्या थडग्याजवळ ती कधी थांबत नसे. आई गेली, तेव्हा हिची शेवटची परीक्षा चालू होती. बाबांनी फोन केला तो सगळं उरकल्यावर, तिसऱ्या दिवशी. शेवटचं बघणं नाही, कपाळावर हात ठेवणं नाही. दोन वर्षं झाली होती, पण ते तीन दिवस बापलेकीच्या मधे अजूनही बसून होते. जेवायलासुद्धा.

चॅपल म्हणजे एकच खोली. ओल्या चुन्याचा, विझलेल्या मेणाचा वास. उंचावर एक खिडकी, तिच्यातून येणारा उजेडही धुवून वाळत घातल्यासारखा फिका. आणि समोरच्या पूर्ण भिंतीवर ती पहाट. थडगं रिकामं पाहून रडणारी बाई. मागे उभा असलेला माणूस तिला माळी वाटतो, कारण चित्रकाराने त्याच्या खांद्यावर कुदळ दिली आहे. मग तो हाक मारतो आणि तिला कळतं की मेलेला प्रभू तो हाच. ती गुडघ्यांवर येऊन हात पुढे करते. तो मागे सरतो, तळवा उभा धरतो. पाचही बोटं ताठ, सरळ. शिवू नकोस.

तिने आडवी बोटं लावली. तीन बसली. चौथं बसेना.

"मापाला बाबांचं बोट आणि माझं बोट," ती स्वतःशी हसली आणि कामाला लागली. काडीला कापूस गुंडाळायचा, तो जिभेवर ओला करायचा आणि हलक्या हाताने रंगावर फिरवायचा. लाळेइतकं सौम्य औषध जुन्या रंगाला दुसरं नाही, असं तिकडच्या तिच्या शिक्षिका सांगत. हे ऐकून बाबा म्हणाले होते, "एवढ्या लांब जाऊन थुंकून पुसायला शिकलीस होय!"

दोन हातांमधलं गवत सुटायला लागलं. बाबांचा रंग, वरवरचा, पातळ. त्याखाली बोटांची टोकं निघाली. त्यांच्या पुढे पुन्हा गवत, थोडं जुनं. तेही पुसलं. पुन्हा टोकं, आणखी पुढे. एकामागे एक हात. कुणीतरी कित्येक वर्षं अंधारात चाचपडत पुढे येत असावं तसे. तीन दिवस ती जेवणही विसरली. बुधवारी दुपारी शेवटचं गवत निघालं आणि ती शिडीवरच टाळी वाजवायची राहिली.

बाईचा हात त्याच्या तळव्याला टेकलेला होता.

असं चित्र तिने कुठल्याही पुस्तकात पाहिलं नव्हतं. हजारो चित्रकारांनी हा प्रसंग काढला, हात अधांतरीच ठेवला. या एका अनाम माणसाने तिला शिवू दिलं होतं! आणि पिढ्यान् पिढ्या भित्र्या रंगाऱ्यांनी ते लपवलं. आनंदाने तिचे डोळे भरून आले. जिला शेवटचा स्पर्श मिळाला नाही, तिला असला आनंद जरा जास्तच होणार.

मग तिच्या लक्षात आलं, की ती टेकलेली टोकं चमकत आहेत. सगळ्यांत खालचा थर, म्हणजे सगळ्यांत जुना. तो ओला कसा असेल? कापसाची ओल असेल... तिने हातमोजा काढला. उघड्या बोटाने रंगाला शिवायचं नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. तिने बोट टेकवलं.

रंग ओला होता. आणि भिंत कोमट होती.

बाहेर कुदळीचा आवाज झाला. खच्... खच्... माळीकाका भर घालत असतील. तिने खिडकीतून पाहिलं. माळीकाका फाटकाशी झाडाखाली चक्क झोपले होते, टोपी तोंडावर घेऊन. कुदळ शेजारी आडवी पडलेली. आवाज येतच होता. खच्... खच्... आणि मग थांबला, तिने बघितल्यावर थांबावा तसा.

घरी येऊन तिने हात धुतले. उजव्या मनगटाभोवती चुना लागला होता. साबण लावला, घासलं, दगडाने खरवडलं. निघेना. दिव्याखाली धरून बघितलं, तेव्हा कळलं की ते डाग पाच आहेत. चार एका बाजूला, एक दुसऱ्या. त्या चारांपैकी शेवटचा डाग वाकडा होता.

आईची करंगळी वाकडी होती. हिच्याच लहानपणी, हिनेच दार लोटलं होतं, त्यात सापडलेली.

जेवताना ती हात मांडीवर लपवून डाव्या हाताने खात होती. बाबा बघत होते. मग हात आपोआप वर आला. टेबलाच्या कडेवरून सरकत दाराच्या दिशेला ताणला गेला आणि तिथेच अधांतरी राहिला. दुखत नव्हतं. कुणीतरी प्रेमाने, पण न सोडण्यासाठी धरावं, तसं वाटत होतं. त्या दाराच्या दिशेला दफनभूमी होती. ती खुर्ची फिरवून बसली, तर हात पाठीमागे वळला, पण दिशा सोडली नाही.

"किती पुसलंस?" बाबांनी विचारलं. आवाज अगदी दबका होता.

"सगळं."

"टेकला?"

"टेकला..."

बाबांनी ताट बाजूला सारलं. बराच वेळ त्यांच्या थरथरत्या बोटांचा टेबलावर आवाज येत राहिला.

"मी तुझ्या वयाचा असताना वस्तादांना विचारलं होतं," ते म्हणाले. "मेलेल्या पोरीला प्रभूने हात धरून उठवलं. संशय घेणाऱ्याला म्हणाला, घाल माझ्या जखमेत बोट. मग या एकटीलाच नको का म्हणाला? एवढी रडत होती बिचारी. वस्ताद म्हणाले, कारण तो दुसरा बघणार आणि सोडणार होता. ही सोडणार नव्हती."

"बाबा, हा हात... आईचा आहे."

"माहीत आहे."

"कसं माहीत?"

"कारण ती तुझा हात मागत होती." ते तिच्याकडे बघत नव्हते. "शेवटच्या रात्री. डोळे मिटलेले. सारखी म्हणायची, तिचा हात द्या. तुला बोलवायला वेळ राहिला नव्हता गं. मग मी माझाच हात दिला. म्हटलं, आलीय बघ बबडी. तिने बोटं चाचपली. एकेक. आणि म्हणाली, हा तिचा नाही. तेवढंच. पुढे काही बोलली नाही." ते थांबले. "हे तुला फोनवर कसं सांगायचं? तीन दिवस फोन हातात धरून बसलो होतो."

डाव्या हाताने तिने त्यांचा थरथरता हात धरला. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"आधी तो हात वर्षाला सूतभर सरकायचा," बाबा म्हणाले. "ती गेल्यापासून महिन्याला बोटभर. मला वाटायचं, आठवण काढून काढून मीच तिला ओढतोय. मी रंग लावून यायचो. आता मला ब्रश धरवत नाही, आणि तुला..."

"मला तो हात सोडवत नाही," ती म्हणाली.

उजाडायच्या आधीच दोघं निघाले. फाटकातून आत आल्यावर हात इतका ओढला जाऊ लागला, की बाबांनी तिला कमरेला धरून चॅपलकडे वळवलं. आईच्या थडग्यावरची माती हातभर खाली गेली होती. तिने बघितलं, पण थांबली नाही.

ब्रश तिच्या उजव्या हातात आणि तिच्या हातावर बाबांचा हात. थरथरणारा आणि ओढला जाणारा, असे दोन निकामी हात मिळून एक कामाचा झाला. गवताचा रंग बाईच्या तर्जनीवर चढला. मनगटावरचा एक डाग गार झाला, फिका पडला, गेला. मग मधलं बोट. मग अनामिका. अंगठा. प्रत्येक बोट सुटताना आधी घट्ट आवळायचं. तिला रडू येत होतं आणि बाबा कानाशी म्हणत होते, "घे मागे. घे. हं... घे."

करंगळी राहिली.

"बाबा, एवढं एक राहू द्या ना. एका बोटाने काय होतंय?"

"एकच बोट धरून तू चालायला शिकलीस," बाबा म्हणाले. "एक बोट पुरतं, बबडे."

ती भिंतीच्या अगदी जवळ गेली. "आई," ती म्हणाली, "मी आलेय. उशीर झाला, पण आले. आता सोड."

ब्रश फिरला. हात एकदम हलका झाला, इतका हलका की तिला त्याची लाज वाटली. खिडकीत उजाडत होतं. तिने थोडं मागे बाईचा नवा हात काढला, आडवी बोटं लावली. चार. नेमकी चार. बाबा तिथेच जमिनीवर बसून लहान मुलासारखे रडले.

रविवारी सकाळी चॅपल भरून गेलं होतं. लोकांना चित्र आवडलं. माळीकाका स्वच्छ सदरा घालून आले होते. "रोगी वाचला म्हणायचा," ते म्हणाले. "आणि थडग्याची मातीही बसली बरं का, डॉक्टरीणबाई. घातली तेवढी राहिली."

सगळे गेल्यावर ती मेणबत्त्या विझवायला मागे राहिली. दाराशी बाबा तिची वाट बघत होते. निघता निघता, नुसती सवय म्हणून, तिने भिंतीला आडवी बोटं लावली.

तीन बसली.

ती बराच वेळ बाईच्या हाताकडे बघत राहिली. तो तिने काढला तिथेच होता. टोकांचा रंग कोरडा, तिच्या ब्रशचा एकेक केस दिसत होता. तसूभरही हलला नव्हता.

मग तिने समोरच्या, त्याच्या हाताकडे पाहिलं. उभा धरलेला तळवा, बोटभर पुढे आलेला. ताठ, सरळ बोटं. चार.

पाचवी, करंगळी, वाकडी होती.

"झालं का गं?" बाबांनी दारातून विचारलं. "अंतर बरोबर आहे ना?"

तिने बोटं मुठीत मिटली.

"हो," ती म्हणाली.