डाव्या रांगेतली पिवळी पानं

"पाच वाजता उत्पादन शुल्क खात्याचा माणूस रोपं मोजायला येतोय," पाम गावातल्या आपल्या हरितगृहाच्या दारात धीरज म्हणाला. "तोवर दुसरं नाव निघालं तर ठीक. नाहीतर मी चिंधूचं नाव देऊन मोकळा होणार. मग पोलीस आणि तो."

बोलताना तो एक किल्ली बोटाभोवती फिरवत होता. कामगार चिंधूचीच, सकाळी काढून घेतलेली.

हेमालीबाईंनी छत्री मिटली. बोईसरपासून रिक्षाने अंग खिळखिळं केलं होतं. पालघर जिल्ह्यात त्यांच्यासारख्या खासगी गुप्तहेराला काम म्हणजे नवऱ्यामुलांची चौकशी. या महिन्यात तीन झाली, तिघेही दारू पिणारे निघाले. यावेळी निदान झाडांचं काम आलं, म्हणून आत्माराम खूश होता. पोस्टातून निवृत्त झालेला हा माणूस बाईंबरोबर फिरे, दिसेल ते सगळं टिपून ठेवी, आणि त्यातलं कामाचं तेवढं नेमकं त्याला कळत नसे.

आत भांग होती. चोरटी नव्हे, औषधांच्या संशोधनासाठी परवाना काढून लावलेली. मधल्या वाटेने आत शिरताना डाव्या हाताची पहिली रांग पिवळी पडलेली. बाकी सगळं हिरवंगार.

"विष घातलंय," धीरज म्हणाला. "मागच्या आठवड्यात मी चिंधूला चार लोकांत बोललो, त्याचा राग काढला. किल्ल्या तीनच. माझी, मनीषची आणि ही."

हेमालीबाई वाकल्या. "खालची जुनी पानं ठणठणीत आहेत. पिवळी आहेत ती शेंड्याची, कोवळी. त्यांच्याही शिरा हिरव्याच." कुंडीतल्या नारळाच्या भुशावर करडी पापडी धरली होती. ती त्यांनी नखाने खरवडली.

"खताचा क्षार," आत्मारामने निकाल दिला.

खतपाणी बघणारा मनीष नाशिककडचा. तो म्हणाला, "मॅडम, हा कारखान्यांचा धूर आहे."

"धूर एकच रांग ओळखतो?"

"मग पाणी असेल."

"सगळ्या रांगांना टाकी एकच ना?"

"एकच," म्हणून मनीष मोबाइलमध्ये बघू लागला.

चिंधू जव्हारच्या डोंगरातला, बायको ठमीबरोबर शेडमागे राहणारा. तो बाहेर उकिडवा बसला होता.

"मी काय केलं नाय, बाय."

"सकाळी पुढचं दार कोण उघडतं?"

"मीच."

"तुझ्यामागून आत कोण येतं?"

चिंधू पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. "काम गेलं तर पोरांना घेऊन वीटभट्टीवर जावं लागंल, हे म्हायती हाय मला. पन ते इचारू नका."

आत्मारामने मनातल्या मनात त्याच्या नावापुढे 'दोषी' लिहून टाकलं.

जेवायला धीरजच्या घरी जायचं होतं. हरितगृहाचं मागचं दार घराच्या आवारातच निघे. त्याला कडी फक्त आतून. आवारात तांब्याचा बंब धुमसत होता. उजव्या हातात काठी टेकत धीरजचे वडील तात्या आले.

"घरात गिझर आहे," धीरज ओशाळून म्हणाला, "पण यांना बंबाचंच पाणी लागतं."

"पण बंबाखाली काय लख्ख झाडलंय," आत्माराम म्हणाला. "आमच्याकडे दोन दिवसांत ढीग साचायचा."

"मला घाण आवडत नाय," तात्या म्हणाले आणि सदऱ्याची डावी बाही झटकू लागले.

जेवताना हेमालीबाईंनी लिंबाची जादा फोड मागितली आणि रुमालात बांधून ठेवली. उन्हाचा त्रास होत असावा, असं आत्मारामला वाटलं.

साडेचारला बाईंनी सगळ्यांना पिवळ्या रांगेपाशी बोलावलं. स्वतः एका उलट्या बादलीवर बसल्या. त्यांनी पापडीवर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे फसफसले. समोरच्या हिरव्या रांगेतल्या भुशावर पिळलं. काहीच झालं नाही.

"ही राख, आंबट लागलं की फसफसते. ठिबकच्या पाण्याबरोबर रोज थोडी मुळांत उतरते. मग भुशात लोह असूनही रोपाला ते उचलता येत नाही. कोवळं पान पिवळं पडतं, शिरा हिरव्या राहतात. रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत बारा वर्षं काढली मी. विषाने अख्खं पान जळालं असतं. खत कमी पडलं असतं तर आधी जुनी पानं गेली असती."

"पण एकच रांग का?" मनीषने विचारलं.

"टाकणाऱ्याच्या उजव्या हातात काठी असते, म्हणून राख डाव्या हाताने पडते. पुढच्या दाराने आत येतो आणि मागची कडी काढून घरी जातो. त्याच वाटेने परत फिरला असता तर डावा हात समोरच्या रांगेकडे आला असता आणि तीही पिवळी झाली असती." त्या आत्मारामकडे वळल्या. "बंब रोज पेटतो आणि राख कुठेच नाही, हे तुम्हीच दाखवलंत. मी फक्त ऐकलं."

आता सगळे तात्यांकडे बघत होते.

"पानाखाली माव्याची कीड होती," तात्या म्हणाले. "वांग्यावर आमी राखच टाकायचो."

"तात्या, तुम्हाला आत यायचं नाही म्हणून सांगितलं होतं," धीरज म्हणाला.

"म्हणून तर चिंधूला म्हटलं, बोलू नको."

धीरज चिंधूकडे वळला. "आणि तू बोलला नाहीस? पोलिसात गेला असतास."

"शेट, हितं चिकूची वाडी होती तवापासून तात्या सकाळचे फिरतंत," चिंधू म्हणाला. "तुमी दार लावलं. घरात त्यांच्याशी कोन बोलतं? हितं झाडांशी तरी बोलतंत."

बाहेर जीप थांबली. खात्याचा माणूस वही काढत आत आला. "काय हो, पानांना काय झालं?"

धीरजने एकदा चिंधूकडे पाहिलं, एकदा बापाकडे.

"राख पडली," तो म्हणाला. "आमच्या घरातूनच. लिहून घ्या."

मग त्याने किल्ली चिंधूच्या हातावर ठेवली.

तात्या मागच्या दाराशी घुटमळत होते. कडीला हात लावून त्यांनी विचारलं, "उद्या सकाळी येऊ का रे?"

"या," धीरज म्हणाला. "मीही येतो. राख तेवढी घरी ठेवा."