ओल्या पोत्याचा वास

तिसऱ्या ग्लासात नाक घालून समोरचा तरुण गंभीरपणे म्हणाला, "ओल्या पोत्याचा वास येतोय."

मीही ग्लास हुंगला, मान डोलावली. "हो... ओलं पोतं. अगदी."

वाइन ओतणारी मुलगी गोंधळून आमच्याकडे बघत राहिली. तो हसू दाबत होता. मी पकडले गेले होते.

डिसेंबरच्या सुट्टीत मी अकोल्याहून पूजाताईकडे नाशिक रोडला आले होते. ताई-भावजींना ऐनवेळी एका साखरपुड्याला जावं लागलं, म्हणून गंगापूर धरणाजवळच्या त्या वायनरीत एकटीच पोचले. समोरचा तो तरुण, शेखर, तोही एकटाच होता, मित्राने टांग दिलेला. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात इंजिनीअर. आम्हाला एकाच टेबलावर बसवलं होतं, आणि पहिल्या ग्लासापासून तो पेरू म्हणाला की मी पेरू, तो लिंबू म्हणाला की मी लिंबू!

त्याने मुद्दाम थाप मारल्याबद्दल माफी मागितली आणि जेवायला थांबाल का, असं विचारलं. मी थांबले.

व्हरांड्यातून द्राक्षांच्या ओळी थेट पाण्यापर्यंत उतरलेल्या दिसत होत्या. काळ्या मसाल्याचं मटण आलं, बाजरीची भाकरी आली, आणि का कोण जाणे, दोन वर्षं कुणालाच न सांगितलेलं मी त्याला सांगून टाकलं. एका तापात मला वास येणं बंद झालं, ते परत सुरू झालंच नाही. माझी आई मसाले करून विकते. खोबरं भाजलं की मला हाक मारते, आणि मी खोटंच हुंगून म्हणते, जमलाय.

त्याने हळहळ व्यक्त केली नाही. भाकरी मोडता मोडता एवढंच विचारलं, "किती वर्षं करतात त्या मसाले?"

"तीस."

"मग त्यांना तुमच्या नाकाची खरंच गरज आहे?"

मी तिथूनच आईला फोन लावला. शेखर उठून कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. मी आईला खरं काय ते सांगितलं.

"मले माहीत हाय, ओवी," आई शांतपणे म्हणाली. "दूध करपलं होतं अन् तू बाजूलेच पेपर वाचत होती. तवाच समजलं."

"मग मला विचारतेस कशाला?"

"तू येऊन जवळ उभी राहते ना... म्हणून."

फोन ठेवला तेव्हा डोळे भरले होते. शेखरने परत येऊन पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. नंतर ऊन कलेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. तो मला एकेक वास सांगत होता – नुकतंच पाणी दिलेल्या मातीचा, आत भट्टीत भाजणाऱ्या पावाचा, शेजारच्या टेबलावर सोललेल्या संत्र्याचा. डोळे मिटले की थोडं थोडं आठवत होतं.

"आणि तुमच्या शर्टाला?" मी विचारलं.

त्याने कॉलर हुंगून पाहिली. "इस्त्रीचा... आणि थोडा घाबरल्याचा."

"कशाला घाबरलात?"

"तुम्ही शनिवारी परत जाणार म्हणालात."

वाऱ्याने माझी ओढणी त्याच्या हातावर गेली. त्याने ती बाजूला केली नाही, मीही ओढून घेतली नाही.

"अकोल्याला गाडी," मी म्हटलं, "रविवारीही असते."

"आणि सोमवारी?" त्याने हळूच विचारलं.


मी हसले आणि माझी खुर्ची त्याच्या बाजूला ओढून घेतली.