आई आधीच येऊन गेल्या

निकिताची नाशिकला बदली झाली तेव्हा ज्याने त्याने तिला एकच सांगितलं. नोकरीत रुळशील गं, पण जागा मात्र नीट बघून घे. ती परभणीची. सातपूरच्या एका औषध कंपनीत तपासणी खात्यात तिला रुजू व्हायचं होतं. कंपनीने आठ दिवस लॉजवर सोय केली होती. तेवढ्या दिवसांत या अनोळखी शहरात आपलं बिऱ्हाड कुठे मांडायचं ते तिला ठरवायचं होतं.

विचारायला घरचं कुणी नव्हतं. वडील ती शाळेत असतानाच गेले, आणि आई पाच महिन्यांपूर्वी, आषाढात. खरं तर बदली तिने मागूनच घेतली होती. ज्या घरात आईचं अंथरूण दोन वर्षं एका कोपऱ्यात होतं, तिथे निकिताचा डोळा लागत नव्हता.

शनिवारी सकाळी भारत नावाचा एजंट स्कूटर घेऊन आला. मार्गशीर्षातली थंडी, कोवळं ऊन. तो चांगला बोलका होता. पाथर्डी फाट्याला नवीन इमारती आहेत, इंदिरानगरला शेजार चांगला मिळतो, गंगापूर रोडला हवा छान, असं एकेक सांगत त्याने तिला पाथर्डी फाट्याला नेलं.

दार उघडलं ते एका निवृत्त मास्तरांनी. निकिताकडे बघून ते जरा ओशाळले.

"अहो, पण तुमच्या आई काल नको म्हणून गेल्या. आम्ही जागा दुसऱ्यांना दिली."

"माझ्या आई? तुमचा काहीतरी घोटाळा होतोय, सर."

"निकिता ना तुम्ही? सातपूरला, औषधांच्या कंपनीत?" मास्तर म्हणाले. "त्यांनी सगळं सांगितलं की. आल्या आल्या मोरीतला नळ सोडून बघितला. पाण्याला जोर नाही म्हणाल्या, आणि गेल्या."

खाली आल्यावर भारतने स्कूटरला किल्ली लावली. मग म्हणाला, "मॅडम, दुसरा एजंट केला असेल तर तसं सांगा. राग नाही."

नाही म्हणून निकिता स्कूटरवर बसली. कुठलीही जागा बघायला गेलं की आई सगळ्यात आधी नळ सोडून बघायची. पण तसं काय, कितीतरी बायका बघत असतील.

इंदिरानगरला घरमालकीण होती, कडेवर नातू. तिने त्यांना आतसुद्धा घेतलं नाही. "परवाच तुमच्या आईंनी सांगितलं, दुसरा मजला नको. आमच्या ठकूचा पाय लहानपणी मोडलाय, तिला जिने चढवत नाहीत."

निकिता तिथेच पायरीवर बसली. पाय मोडला होता हे खरं होतं. आणि ठकू हे नाव आईखेरीज कुणीही कधी घेतलं नव्हतं. कागदावर नाही, शाळेत नाही, कुठेच नाही.

"कशा होत्या दिसायला?" तिने विचारलं.

"आता काय सांगू... साठीच्या असतील. डोक्यावरून पदर होता. दारात उन्हाकडे पाठ करून उभ्या होत्या, त्यामुळे चेहरा काही नीट..." बाई अडखळली. "का हो? तुमच्याच आई ना?"

निकिता हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पाच महिन्यांपूर्वी मी स्वतः अग्नी दिलाय, असं त्या परक्या दारात कसं सांगायचं?

दुपारपर्यंत भारतने गंगापूर रोडच्या तीन ठिकाणी फोन केले. तिन्हीकडून तेच उत्तर. आई येऊन गेल्या, नको म्हणाल्या. तिसऱ्या फोननंतर त्याने मोबाइल खिशात टाकला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "एक शेवटची जागा आहे, मखमलाबादला. ती दाखवतो. मग तुमचं तुम्ही बघा, ताई."

मखमलाबादची जागा म्हणजे पूर्वीचा फुलांचा मळा. घरमालकीण कलाबाईंच्या घरच्यांनी रस्त्यालगतच्या तुकड्यावर दोन मजले चढवले होते, आणि मागे अजून शेवंतीचे वाफे होते. कलाबाई ओट्यावर फुलं निवडत बसल्या होत्या. निकिताला बघताच त्यांनी परडी बाजूला सारली.

"या, ठकूताई. केव्हाची वाट बघते मी. तुमची माय हो म्हणून गेली. तळमजला हाय, पाणी चोवीस तास हाय. तासभर बसली व्हती माझ्यापाशी, च्या घेतला. लय जीव हाय तिचा तुमच्यावर."

खोली लख्ख होती. खिडकीतून शेवंतीचा कडवट वास येत होता. त्या रिकाम्या खोलीत उभी राहून निकिता रडली. सकाळपासूनची भीती त्या रडण्यात विरघळली आणि तिच्या जागी वेगळंच काही आलं. आईला कळलं असेल, पोर एकटी शहरात निघालीय. राहवलं नसेल तिला. गेलेलं माणूस असं येत नाही हे निकिताला कळत नव्हतं असं नाही. पण पाच महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्यासाठी काही ठरवलं होतं. आणि दुसरीकडे जायचं तर कुठे? बाकी सगळी दारं बंदच झाली होती.

त्याच संध्याकाळी ती तिथे राहायला आली.

नऊ दिवस बरे गेले. झोप तर इतकी गाढ लागायची की सकाळी गजर ऐकू यायचा नाही. दहाव्या दिवशी, सोमवारी, ती सहाच्या सुमाराला कामावरून परतली. कलाबाई ओट्यावर हार ओवत होत्या. निकिता त्यांच्याशेजारी बसली आणि का कोण जाणे, तिला आईविषयी बोलावंसं वाटलं. तिने मोबाइलमधला आईचा फोटो काढून त्यांच्यापुढे धरला. आजारपणाच्या आधीचा, हसरा.

"चांगलं माणूस दिसतंय," कलाबाई म्हणाल्या. "कोण ही? मावशी?"

"आई. माझी आई."

कलाबाईंचा हात थांबला. त्यांनी हात पदराला पुसले, मोबाइल घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"ही नाय, ताई."

"नीट बघा ना. नंतर बारीक झाली होती, म्हणून..."

"तासभर समोर बसली व्हती माझ्या. ही नाय. ती उंच व्हती, दारातून वाकून आत आली. आन् तिचे दात..." कलाबाईंचा आवाज खाली आला. "लय बारीक. लेकराचे दुधाचे असत्यात ना... तसे. मी म्हणलं, असत्यात एकेकाचे."

वाफ्यांवर अंधारून येत होतं. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. निकिताने मोबाइल परत घेतला.

"कलाबाई, ती परत आली होती का?"

"मला नाय दिसली. पण..." कलाबाईंनी निकिताकडे बघायचं टाळलं. "दुसरी किल्ली मागून नेली तिनं. माय म्हणली, मी दिली. पोरीला झोप लागत नाय, म्हणली. रात्री उशाशी बसावं लागतं."

निकिता आत कपडे घ्यायलाही गेली नाही. जी पर्स खांद्याला होती तेवढी घेऊन फाटकाबाहेर पडली आणि पहिली मिळाली ती रिक्षा केली. कुठे, असं रिक्षावाल्याने विचारलं तेव्हा तिला आठवलं ते एकच नाव. स्नेहल, तिच्या खात्यात काम करणारी. नाशिक रोडला स्टेशनजवळच्या कॉलनीत सासू-सासऱ्यांबरोबर राहायची. निकिता तिच्याकडे कधी गेली नव्हती. पत्ता तिने रिक्षातूनच फोन करून विचारला. का येतेय ते सांगितलं नाही. स्नेहल म्हणाली, "मी अजून बसमध्ये आहे गं, तू जा, घरी सासूबाई आहेत."

रस्ताभर ती मागे वळून बघत राहिली. मागे गर्दी होती, दिवे होते. कुणीही कुणाच्या मागे येत नव्हतं.

स्नेहलच्या सासूबाईंनी दार उघडलं. गोऱ्या, ठेंगण्या, प्रेमळ बाई. निकिताने नाव सांगायच्या आत त्यांनी तिचा हात धरून आत घेतलं.

"ये, ये. किती गार पडलेत हात. बस इथे. तुझ्या आई दुपारीच येऊन सांगून गेल्या, पोर संध्याकाळी येईल म्हणून."

निकिताने दाराची चौकट धरली. दुपारी ती कंपनीत होती. आपण इथे येणार हे दुपारी तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

"काय... काय म्हणाली?"

"काही नाही गं. बुधवारपर्यंत राहू दे म्हणाल्या, मग मी न्यायला येते. मी म्हटलं, तुम्हीही राहा की. तर नुसत्या हसल्या." सासूबाई पाणी आणायला वळल्या. "तिकिटं काढूनच आल्या होत्या स्टेशनवरून. माझ्या हातात दिली बघायला. गावाचं नाव काही मला लागलं नाही बाई, चष्मा लावूनही. एक फुल तिकीट होतं आणि एक हाफ. मी विचारलं, बरोबर लहान कोण आहे? तर म्हणाल्या, ठकू."