ठमाची चुकीची सूचना

स्वतःच्या तळपायाला गुदगुल्या करून बघा. येतं हसू? नाही ना? मग तेच ताईने केलं की आपण गडाबडा का लोळतो? सन २०४८मध्ये या एका प्रश्नाने आमच्या ठमाची नोकरी वाचवली, आणि तो प्रश्न मी विचारला होता. फुशारकी वाटेल, तर वाटू दे.

ठमा म्हणजे माझ्या आजोबांनी बनवलेली रोबो. आजोबा मेंदूशास्त्रज्ञ आहेत. साताऱ्यातल्या एका बालरुग्णालयात मुलांना हसवायला ठमाला महिनाभर ठेवलं होतं. मुलं हसली नाहीत, तर तिचा आवाज काढून तिला गोदामात औषधांची खोकी उचलायला पाठवणार होते. शेवटचा दिवस उजाडला, तरी एकही मूल हसलं नव्हतं.

त्या सकाळी मी आजोबांबरोबर गेले. आठ वर्षांच्या मैमुनाचा पाय प्लास्टरमध्ये होता. तिच्या खाटेपाशी उभी राहून ठमा म्हणाली, "सूचना. आता मी डोक्यावर टोपी ठेवते. ती घसरून नाकावर येईल. ही गंमत आहे."

टोपी नाकावर आली. मैमुनाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"ही आधीच सगळं का सांगून टाकते?" मी वैतागून विचारलं.

"आमच्या प्रयोगशाळेचा नियम आहे तो," आजोबा म्हणाले. "रोबोने हालचाल करण्याआधी सांगायचं. न सांगता हात उचलला, तर आजारी पोर दचकेल."

मला एकदम गुदगुल्या आठवल्या. "आजोबा, स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत?"

"लघुमेंदूमुळे (डोक्याच्या मागे, खालच्या बाजूला असलेला मेंदूचा छोटा भाग). बोट तुझंच असलं की ते कुठे टेकणार याचा अंदाज त्याला आधीच येतो. मग त्या स्पर्शाची जाणीव फिकी पडते."

"मग ठमाचंही तसंच होतंय. ती अंदाज चुकायला जागाच ठेवत नाही."

आजोबांनी मान डोलावली. "खरंय गं. विनोद ऐकतानाही मेंदू पुढचा अंदाज बांधत असतो. तो चुकला, पण धोका काही नाही हे कळलं, की हसू येतं, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. पण सूचना बंद करता येणार नाही. अंदाज चुकून भीती वाटली, तर हसू नाही, रडू येईल."

"बंद नकोच करायला. मैमुनाला हात लावायचा असेल तेव्हा खरी सूचना. स्वतःची टोपी घालताना मात्र चुकीची."

आजोबांनी तिथेच बसून ठमाची आज्ञावली (रोबोला दिलेल्या आज्ञांची यादी) बदलली.

"सूचना. आता मी डोक्यावर टोपी ठेवते," ठमा म्हणाली आणि तिने टोपी गुडघ्यावर चढवली. मैमुनाने मान वळवली.

"सूचना. आता नक्की डोक्यावर." टोपी सलाइनच्या स्टँडवर.

"अगं वेडे, डोकं तुझं वर आहे," मैमुना म्हणाली आणि खुदकन हसली. मग पलीकडच्या खाटांवरची मुलं हसली. त्यांना तर टोपी दिसतही नव्हती.

"हसण्याचा आवाज कानावर पडला, की आपला मेंदू चेहऱ्याचे स्नायू..." आजोबा समजावू लागले, पण त्यांनाच हसू आवरेना.

रुग्णालयाच्या डॉक्टरीणबाईंनी ठमाच्या महिनाभराच्या चाचणीच्या कागदावर लिहिलं, 'इथेच राहील.'

निघताना आजोबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सूचना. आता मी शाल्मलीला रागावणार आहे." मी चपापले. त्यांनी आपल्या कोटावरचा 'मुख्य शास्त्रज्ञ' लिहिलेला बिल्ला काढला आणि माझ्या फ्रॉकला लावला. मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणीच आलं.

तो बिल्ला माझ्या कंपासपेटीत आहे. हसताना रडू का येतं, हे शोधलं की मी माझ्या नावाचा लावणार.